दारातली बाई

तिसऱ्या दिवशीही ती बाई आली. बायकांच्या बाजूला पहिल्या रांगेत, भिंतीकडच्या खुर्चीवर बसली. खेळ सुरू झाल्यावर तिनं आदल्या दोन दिवशी केलं होतं तेच केलं. अंग वळवून, भिंतीला पाठ टेकून, पडदा सोडून मागे बसलेल्या लोकांचे चेहरे बघत राहिली.

हे माझ्या लक्षात आलं, कारण मीही तेच करत होतो. पडद्याच्या डाव्या अंगाला बाहेर जायचं दार होतं. त्या दाराच्या काळ्या कापडाआड उभा राहून मी थिएटर न्याहाळत होतो. हातात वही, पेन्सिल आणि मनगटावर घड्याळ.

१९८६ सालचा मार्च महिना होता. गाव विटा, थिएटर सुवर्णा टॉकीज, खेळ दुपारी बाराचा. मी तेव्हा कोल्हापुरात चित्रपटांचं संकलन करायचो. मोहिरे नावाचे दिग्दर्शक होते, त्यांचा एक चित्रपट मी जोडला होता आणि तो चांगला चालला होता. मोठ्या गावांतून उतरून तो आता तालुक्यांच्या गावांत फिरत होता. मोहिरे पुढच्या चित्रपटाच्या तयारीला लागले होते आणि त्यासाठीच त्यांनी मला विट्याला धाडलं होतं.

"चार दिवस बस," ते म्हणाले होते. "माणसं कुठं खोकतात, कुठं बिडी ओढायला उठतात, आणि कुठं कडेवरचं पोर रडलं तरी बाई जागची हलत नाही, ते टिपून आण. पुढचं लिहिताना मला ते लागेल."

गोष्ट कशी सांगावी याबद्दल मोहिऱ्यांचं मत ठाम होतं. प्रेक्षकाला आधी एका माणसाची माया लावायची, मग त्या माणसाचं काहीतरी वाईट करायचं, आणि ते कुणी केलं हे सांगायचं नाही. संशय आला की माणूस खुर्चीला चिकटतो, आणि उलगडा झाला की चपला शोधायला लागतो, असं ते म्हणायचे.

आमचा चित्रपट असाच होता. एका खेड्यातले दोन भाऊ. आई धाकट्याच्या लहानपणीच गेलेली, म्हणून थोरल्याच्या बायकोनं, वहिनीनं त्याला वाढवलेलं. तो मोठा पैलवान होतो. यात्रेतल्या मोठ्या कुस्तीच्या दिवशी पहाटे वहिनीच्या हातचं दूध पितो, तालमीत जातो आणि तिथंच कोसळून मरतो. मध्यंतरानंतर सगळा गाव एकमेकांवर संशय घेत फिरतो. दुधात कुणी काही घातलं का, घातलं तर कुणी, हे शेवटपर्यंत उलगडत नाही. माणसं वाद घालत बाहेर पडायची.

तीन दिवसांत माझी वही बरीच भरली होती. पहिल्या गाण्याला पुरुष उठतात. पैलवान गदा घेऊन घरी येतो तिथं शिट्ट्या. आणि दुधाच्या पेल्याच्या प्रसंगाला सगळं थिएटर गप्प. पंख्यांची घरघर ऐकू यायची. त्या ओळीखाली मी दोन रेघा मारल्या होत्या.

आणि नेमक्या त्याच वेळी ती बाई पुढे वाकायची. एकेका चेहऱ्यावर डोळे फिरवायची, विशेषतः बायकांच्या. मग पदर तोंडाशी धरून खाली बघत बसायची. खेळ संपल्यावर सगळे गेले की शेवटी उठायची.

वय पंचेचाळीसच्या आसपास. नऊवारी, डोक्यावर पदर, हातात कापडी पिशवी. सिनेमाच्या नादानं रोज येणाऱ्यांतली ती वाटत नव्हती. तिसऱ्या दिवशी मला आणखी एक गोष्ट दिसली. पडद्यावर वहिनीचं बोलणं सुरू झालं की हिचे ओठ हलत होते. संवाद तिला पाठ होते.

मी मॅनेजर तांबोळींना सांगितलं. ते या धंद्यात मुरलेले गृहस्थ होते. त्यांनी खिडकीतून तिला बघितलं आणि आवाज खाली आणून म्हणाले की, दुसऱ्या भाषेतल्या कंपन्या असं माणूस बसवतात. गोष्ट पाठ करून घेतात, कुठं टाळी पडते ते लिहून नेतात, आणि वर्षभरात तोच चित्रपट नाव बदलून लागतो. बाई असली की कुणाला संशय येत नाही.

मला ते पटलं. पटायला हवं होतं म्हणूनही पटलं असेल. ती लोकांकडे बघत होती, ठरावीक जागी बघत होती, संवाद घोकत होती. यापेक्षा वेगळं कारण मला सुचत नव्हतं. पिशवीत वही किंवा टेपरेकॉर्डर असणार असा माझा अंदाज होता. खेळ सुटल्यावर तांबोळींनी तिला दाराशी थांबवलं आणि पिशवी दाखवायला सांगितली. तिनं ती उघडली. फडक्यात बांधलेली भाकरी, चटणीची पुडी, एस.टी.ची तिकिटं आणि पाण्याचा तांब्या. तांबोळी ओशाळून बाजूला झाले. ती पिशवी मिटून जाताना माझ्याकडे बघून गेली. मी खांबाआड होतो, तरी तिनं मला बरोबर शोधलं.

मी मोहिऱ्यांना फोन लावला. एक बाई रोज येते, लोकांना निरखते, संवाद म्हणते, असं सगळं सांगितलं. ते हसतील असं वाटलं होतं.

पण त्यांनी विचारलं, "हनुवटीवर गोंदण आहे का? तीन ठिपके?"

होते. पण गोंदणाबद्दल मी एक अक्षरही बोललो नव्हतो.

"तुम्ही ओळखता तिला?" मी विचारलं.

"शेडबाळे, तू आजच्या गाडीनं परत ये. तिच्याशी बोलायचं नाही. ती काही विचारायला लागली तर तू आपल्या कंपनीचा आहेस हे सांगू नकोस." एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला.

आत्तापर्यंत माझा संशय त्या बाईवर होता. आता तो मोहिऱ्यांकडे वळला. पडद्यावर अक्षरं झळकायची, 'कथा, पटकथा, दिग्दर्शन: मोहिरे'. ही गोष्ट आपल्याला आंघोळ करताना सुचली, असं ते पत्रकारांना सांगायचे. आमच्यासमोरही तेच सांगायचे. मी त्या दिवशी परतीची गाडी पकडली नाही.

चौथ्या दिवशी, बुधवारी, ती आली. मी मात्र कापडाआड गेलो नाही. खेळ संपेपर्यंत बाहेर थांबलो आणि सगळे गेल्यावर आत जाऊन तिच्यापासून दोन खुर्च्या सोडून बसलो. ती उठली नाही.

"काल पिशवी बघायला तुम्हीच लावलं न्हवं?" ती म्हणाली.

मी हो म्हटलं आणि माफी मागितली.

"मला वाटलं, तुम्हाला आमच्या गावानं धाडलंय. माझ्यावर नजर ठेवायला. तुम्ही बी पडद्याकडं बघत न्हाई."

मी चित्रपटाच्या कंपनीतला आहे, लोकांना काय आवडतं ते बघायला आलोय, असं सांगून टाकलं. मोहिऱ्यांनी नको म्हटलं होतं ते सगळ्यात आधी तोंडातून गेलं. ती माझ्याकडे वळून बसली. मोहिरेसाहेब बरे आहेत का, असं तिनं विचारलं. त्या विचारण्यात राग नव्हता, म्हणून मी जास्तच सावध झालो.

तिचं नाव अनुसया. गाव तिथून सात-आठ मैलांवर. गावाचं नाव मी आजही सांगणार नाही. तीन वर्षांपूर्वी मोहिरे चित्रीकरणाच्या जागा बघत त्या बाजूला आले होते आणि दोन दिवस यांच्याकडे जेवायला होते. भिंतीवर एका पैलवानाचा फोटो बघून त्यांनी हा कोण म्हणून विचारलं. तो तिचा दीर, शामू. तिनं वाढता वाढता सगळं सांगितलं. सहा वर्षांचा असताना सासू गेली, तेव्हापासून त्याला कसं सांभाळलं. यात्रेच्या दिवशी पहाटे दूध पिऊन तालमीत गेला आणि जोर मारता मारता कसा आडवा झाला. डॉक्टरनं काळीज वाढलेलं होतं म्हणून सांगितलं. मोहिरे ऐकून रडले होते म्हणे.

"मला बरं वाटलं हुतं," ती म्हणाली. "शामूसाठी कुणीतरी रडलं."

पुढे चित्रपट आला. गावातली माणसं विट्याला येऊन बघून गेली. नाव वेगळं होतं, गाव वेगळं होतं, पण ओळखायला किती वेळ लागतो? बघून आलेल्या बायका पाणवठ्यावर तिच्याशी बोलेनाशा झाल्या. दळणाला गेली की गिरणीत गप्पा थांबायच्या. शामूला जाऊन बारा वर्षं झाली होती. बारा वर्षांत ज्या गोष्टीचा कुणी विचारही केला नव्हता, ती आता सगळ्यांना आधीपासून माहीत होती.

"गावाचं मी सोसलं असतं," ती म्हणाली. पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत राहिली. "मालक मागल्या आठवड्यात सोमवारी बघून आले. त्या दिवसापासनं माझ्या हातचं पाणी घेत न्हाईत. तोंडानं काय बोलत न्हाईत. आपलं आपण उठून रांजणातनं घेतात. दूध तर घरात येऊच देत न्हाईत."

मी विचारलं की मग ती रोज का येते.

तिनं सांगितलं ते मी पुढची तीस वर्षं कुणाला सांगितलं नाही. ती म्हणाली, मालकाला असं काय दिसलं ते तिला शोधायचं होतं. मी विट्याला यायच्या आधी, पहिल्या दिवशी तिनं पडदा बघितला. तिला काही कळलं नाही. सगळं तिनं सांगितलं होतं तसंच होतं. म्हणून दुसऱ्या दिवसापासून ती पडदा सोडून माणसं बघायला लागली. मध्यंतराच्या जरा आधीपर्यंत बायका वहिनीच्या बाजूनं असतात, डोळे पुसतात. मग दुधाचा पेला येतो. पैलवान तो तोंडाला लावतो. त्यानंतर वहिनी दारात उभी राहून बघताना दिसते. तिथंच बायकांची तोंडं बदलतात.

"सगळ्यांची एकदमच," ती म्हणाली. "जशी काय कुणी कानात सांगितलं."

तिनं बोटानं माझ्या वहीकडे दाखवलं. "तुम्ही बी तिथंच लिवता. मी बघितलंय."

मी वही मिटली.

"आनि दादा, आज मी तिथं वळून पडदा बघितला. दूध देताना त्या बाईच्या अंगावर हिरवं लुगडं हाय. दारात उभी ऱ्हाती तवा खांद्यावर डाळिंबी पदर. दोन पावलांत कोण बाई लुगडं बदलती? मी तसली दारात उभी न्हवते. मी साहेबांना तसं सांगितलं न्हाई. मग ते केलं कुणी?"

गावोगावी हजारो लोकांनी तो चित्रपट बघितला होता. ते लुगडं त्यांपैकी कुणालाही दिसलं नव्हतं. मोहिऱ्यांनाही दाखवावं लागलं होतं, मी दाखवलं होतं. ते म्हणाले होते की चार सेकंदांत पदर कोण बघतो.

"मी केलं," मी म्हणालो.

खरं तेच होतं. चित्रपट पहिल्यांदा जोडून झाला तेव्हा आम्ही कोल्हापुरात चाळीसेक ओळखीच्या लोकांना तो दाखवला होता. मध्यंतरानंतर निम्मे लोक बाहेर जाऊन उभे राहिले. पैलवान मेला, वाईट झालं, आता पुढे काय, अशी त्यांची तऱ्हा. मोहिरे खचले होते. मी दोन दिवस संकलनाच्या टेबलावर बसून होतो. सुरुवातीच्या भागात पैलवान पहिली गदा जिंकून घरी येतो, तेव्हा वहिनी दारात उभी राहून त्याची वाट बघते, असा एक शॉट होता. त्याचा बराच भाग वापरलेला नव्हता. नटी नुसती टक लावून उभी होती. ती चार सेकंदं उचलून मी दुधाच्या पेल्याला जोडली. पेला, तोंड, आणि दारातली बाई. दुसरं काही केलं नाही. नवा संवाद नाही, नवं चित्रीकरण नाही. पुढच्या खेळाला एकही माणूस उठला नाही. मोहिऱ्यांनी मला मिठी मारली होती.

मी तिला हे जमेल तसं सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं, ती शिव्या देईल, निदान रडेल तरी.

"तुम्हाला म्हाईत न्हवतं, की मी हाय," ती म्हणाली.

नव्हतं. पण ते सांगून मला काही हलकं वाटलं नाही.

मग तिनं एकच गोष्ट मागितली. मालकाला आणते, त्यांना हे दाखवाल का? माझ्या सांगण्याचा उपयोग नाही, ज्यानं केलं त्यानंच सांगायला पाहिजे. गुरुवारी चित्रपटाचा विट्यातला शेवटचा दिवस होता, शुक्रवारी रिळांच्या पेट्या पुढच्या गावाला जाणार होत्या. मी सकाळी दहाला यायला सांगितलं.

ते आले. तिचा नवरा धोंडीराम पन्नाशी ओलांडलेला, उंच, पटका बांधलेला माणूस होता. ती पुढे, तो चार पावलं मागे. चेहऱ्यावरून तो मला लबाड ठरवूनच आलेला दिसत होता. जिना चढायच्या आधी त्यानं विचारलं की हिनं तुम्हाला काय काय सांगितलं. मी म्हटलं, सगळं. त्यावर तो म्हणाला, "मग आता तुम्ही तेच म्हननार." मी म्हटलं, मी काही म्हणणार नाही, तुम्ही फक्त बघा.

प्रोजेक्टरच्या केबिनमध्ये मी ऑपरेटरकडून दोन रिळं काढून घेतली. आधी सुरुवातीचं. पट्टी दिव्यासमोर धरून मी त्याला एकेक चित्र दाखवलं. गदा घेऊन येणारा पैलवान. मग दारातली वहिनी, डाळिंबी पदर. नंतर दुसरं रीळ. हिरव्या लुगड्यातल्या बाईचा हात, पेला, पेल्याला लावलेलं तोंड. आणि त्याच्या लगेच खाली, पुन्हा तोच दरवाजा, तोच डाळिंबी पदर. त्यानं दोन्ही पट्ट्या शेजारी शेजारी धरायला लावल्या. कानातलं बघितलं, चौकटीवरचा तोरणाचा दोरा बघितला. तो गुरांच्या बाजारात दात बघावेत तसं बघत होता, घाई न करता. ती दाराशी, पाठ भिंतीला लावून उभी होती.

"म्हंजे ही दुसऱ्या दिवसाची बाई हितं आणून लावली," तो म्हणाला.

"हो."

"कशाला?"

"लोकांनी उठून जाऊ नये म्हणून."

त्यानं मान हलवली. पटलं म्हणून, की माझी कीव आली म्हणून, ते कळलं नाही.

मग मी कात्री घेतली. ऑपरेटर म्हणाला, साहेब, प्रिंट कंपनीची आहे. मी ती चार सेकंदं, सहा फूट पट्टी, दोन्हीकडून कापून काढली आणि उरलेली टोकं जोडून टाकली. त्या कापण्यापायी मोहिऱ्यांनी मला पुन्हा कधी काम दिलं नाही. इतर गावांतल्या प्रिंटा जशा होत्या तशाच फिरत राहिल्या. त्या थांबवा म्हणून मी त्यांच्या दारात जाऊन बसलो होतो, पण त्यांनी भेट दिली नाही. विट्यात त्या दिवशी बाराच्या खेळाला पेल्याच्या प्रसंगात संगीताला एक आचका बसला, आणि पुढे माणसं बिडी ओढायला उठली. एवढंच माझ्या हातून झालं.

कापलेली पट्टी मी धोंडीरामच्या हातात दिली. गावात कुणाला दाखवायची असेल तर असू द्या म्हटलं. तो केबिनच्या खिडकीपाशी गेला आणि पट्टी उन्हात धरून उभा राहिला. आता तिच्यात पेला नव्हता, पैलवान नव्हता. एकच चेहरा, एकाखाली एक चित्रांत खाली खाली गेलेला.

"ही तर कुणाची तरी वाट बघतीया," तो म्हणाला.

मग माझ्याकडे न बघता बोलायला लागला. त्या पहाटे शामूनं निम्मंच दूध घेतलं होतं. पोट जड नको म्हणाला होता. उरलेलं हिनं प्यालं. लहानपणापासून त्याचं उष्टं हीच प्यायची, टाकायची नाही. चुलीपुढं बसून प्याली. आपण तिथंच दाढी करत होतो.

मी तिच्याकडे बघितलं. हे तिनं मला सांगितलं नव्हतं. मोहिऱ्यांनाही सांगितलं नसावं. किंवा सांगितलं असेल, आणि ते गोष्टीच्या उपयोगाचं नसेल.

"माझ्या डोळ्यांदेखत प्याली," धोंडीराम म्हणाला. "बारा वर्षं मला ते ठाऊक हाय. सिनेमा बघताना बी ठाऊक हुतं." त्यानं पट्टी माझ्यापुढे धरली. "हे तुम्ही जोडलं, ते समजलं. पर मला तसं वाटलंच कसं?"

ऑपरेटर खाली बघून रीळ गुंडाळत होता.

अनुसयाबाईंनी भिंतीचा आधार सोडला, जमिनीवरची पिशवी उचलली आणि पदर सारखा केला.

"चला," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "साडेअकराची गाडी चुकंल."